दाढेने दिलेला होकार

इस्टरच्या सुट्टीतल्या त्या बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी होल्गरने कॉफीचे भांडे चुलीवरून उतरवले आणि गाळ तळाशी बसेपर्यंत, रोजच्याप्रमाणे, तीन मिनिटे वाट पाहिली. मग इकडच्या रीतीप्रमाणे पेल्यात चीजचे दोन तुकडे टाकले, त्यांवर कॉफी ओतली आणि पहिला घोट तोंडाच्या उजव्या बाजूने घेतला. डावीकडची खालची दाढ दोन महिने रुसलेली होती. गरम, गार, गोड, काहीही लागले की कळ मस्तकात जाई. खिडकीबाहेरच्या तापमापकावर उणे चार अंश होते आणि अंगणात त्याची बायको गुनेल टपालाच्या गाडीच्या काचेवरचे बर्फ खरवडत होती.

आज दंतवैद्याकडे जाणार का, असे तिने दारातून विचारले. होल्गरने नकारार्थी मान हलवली. आज रायफल. आज तो दुकानात जाऊन एकच वाक्य बोलणार होता आणि त्या एका वाक्यात पुढच्या तीस वर्षांचा निकाल लागणार होता.

"तू अठ्ठावन्नचा आहेस," गुनेल म्हणाली आणि टपाल वाटायला गेली.

त्याच्या जुन्या रायफलीची नळी झिजली होती. गेल्या हंगामाच्या शेवटी चांदमारीवर तिच्या गोळ्या वाटेल तिकडे गेल्या आणि गावच्या शिकारमंडळींचा नियम कडक होता: जी परीक्षेला उतरली नाही ती रायफल जंगलात नेता येत नाही. रायफल नाही तर जागा नाही. आणि होल्गरची जागा काळ्या तळ्यावर होती. सासऱ्यांनी मरताना स्वतःचा ओंडका त्याला बसायला दिला होता. बावीस शरद ऋतूंत त्या ओंडक्यावरून त्याने घोड्याएवढी चार मूस हरणे मारली होती. बाकीचा सगळा काळ धुके पाहण्यात गेला होता. पहाटे तळ्यावरून ते असे उठे, की जणू पाणीच झोपेतून उठून हळूहळू किनाऱ्यावर चालत येत आहे. गावच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या या माणसाला जगातली सगळी सरोवरे तोंडपाठ होती; मालकीचे वाटे ते हे एवढे तळेच.

म्हणून हिवाळाभर त्याने वही करून काडतुसांचा अभ्यास केला. सगळ्यांना पुरून उरेल असे एकच काडतूस हवे होते. लहान हरणापासून मूसपर्यंत आणि वेळ आलीच तर अस्वलापर्यंत. गुनेलकडे वडिलांची साडेसहा मिलिमीटरची रायफल होती. तिचा धक्का सौम्य आणि नेम सरळ, पण अस्वल पुढे आल्यास आधी त्याची माफी मागावी लागेल, असे होल्गरने लिहून ठेवले. तीनशे आठ नंबरचे काडतूस आखूड आणि समजूतदार. नऊ-तीन म्हणजे मालगाडीचे इंजिन. थांबवते खरे, पण चालवणाऱ्यालाही. या सगळ्यांच्या मधोमध तीस-शून्य-सहा बसत होते. रात्री डोळे मिटले की त्याची गोळी त्याला काळ्या तळ्यावरून जाताना दिसे: किंचित वर चढणारी, किंचित खाली उतरणारी, पाण्याला न शिवता जाणाऱ्या पाखरासारखी. झोपेत तो गालातल्या गालात हसे.

बोलायचे वाक्य होते, "तीस-शून्य-सहा द्या." ते बोलायचे राहिले, ते असे.

या मुलखात 'हो' म्हणायला तोंड उघडावे लागत नाही. ओठांचा चंबू करायचा आणि 'शुप्' अशी हवा आत ओढायची, झाला होकार. दक्षिणेकडून लग्न करून आलेल्या होल्गरला पहिली दोन वर्षे गावात दम्याची साथ आहे असे वाटले होते. ते 'शुप्' त्याला साधायला सात वर्षे लागली. ज्या दिवशी साधले, त्या दिवशी शिकारमंडळींनी त्याला आपल्यात घेतले. शाळेच्या प्रमाणपत्रांपेक्षा त्याला त्याचा अभिमान अधिक होता.

तर, बंदुकांच्या दुकानदाराने, एवाल्डने, आधी कॉफी दिली. ती नको म्हणणे म्हणजे नाते तोडणे. घोट घेता घेता होल्गरची नजर मांडणीतल्या एका सुरेख रायफलीवर गेली. एवाल्डनेही तिकडे पाहिले. ती नऊ-तीनची आहे, तीच काढायची का, असे त्याने विचारले. नेमक्या त्या क्षणी उकळती कॉफी डावीकडे वळली.

"शुप्," असा आवाज झाला.

"छान," एवाल्ड म्हणाला आणि परवान्याचा अर्ज भरू लागला.

होल्गर तो अर्ज भरला जाताना पाहत राहिला. तोंड उघडून 'नाही, ती दाढ होती' एवढेच म्हणायचे होते. पण मग एवाल्डला वाटले असते की या दक्षिणी माणसाचा होकार हा होकार नव्हेच. ते गावभर झाले असते. आणि मग गेल्या तेवीस वर्षांचा एकेक होकार लोकांनी उलटून पालटून पाहिला असता. पोलिस परवाना नाकारतील अशी आशा उरली होती. परवाना नऊ दिवसांत आला.

जूनमध्ये चांदमारीवर परीक्षा होती. मंडळींचा म्होरक्या सिक्स्टेन वही घेऊन शेजारी उभा होता. होल्गरने पहिली गोळी झाडली. रायफलीच्या दस्त्याने खांदा हाणला, खांद्याने जबडा हलवला, जबड्याने दाढ.

"एवढं दांडगं काडतूस घेतलंस, म्हणजे अस्वलटेकडीवर बसायचा विचार दिसतोय, मास्तर?" सिक्स्टेनने विचारले.

"शुप्."

सिक्स्टेनने लिहून घेतले. दुसरी गोळी.

"मग काळं तळं रूबेन सुताराला दिलं तर चालेल?"

"शुप्."

चारही गोळ्या नेमक्या बसल्या होत्या. रायफल परीक्षेला उतरली आणि जागा गेली. हात दाखवून अवलक्षण कसे करून घ्यावे याचा इतका नीटस धडा होल्गरने वर्गातही कधी दिला नव्हता.

उन्हाळा गेला. स्वप्नातली गोळी अजूनही तळ्यावरून जाई, पण आता ओंडक्यावर रूबेन बसलेला असे, धुक्याकडे पाठ करून, फोन पाहत. ऑगस्टमध्ये होल्गरने काडतुसांची पेटी उघडली तेव्हा तीत अकरा कमी निघाली. आपण मोजण्यातही चुकू लागलो, असे समजून त्याने पेटी बंद केली.

हंगामाच्या आदल्या आठवड्यात दोघे रानातल्या लाल बोरांच्या बादल्या भरत होते, तेव्हा गुनेलने विचारले, "काळं तळं तू खरंच सोडलंस?"

होल्गरने बोर तोडले, पाहिले, बादलीत टाकले.

"मी नाही. दाढेनं सोडलं."

"ठाऊक आहे मला. खरं 'हो' म्हणताना तुझा डावा डोळा मिटत नाही." थोड्या वेळाने ती पुढे म्हणाली, "मला वडलांच्या काळापासून रस्त्याकडेच्या जागेवर बसवलंय. लाकडाचे ट्रक मोजते मी तिथं. अस्वलटेकडीवर बसतेस का, असं मला कुणी कधी विचारलंच नाही."

होल्गरनेही बावीस वर्षांत विचारले नव्हते. ती अकरा काडतुसे गुनेलने चांदमारीवर सरावात उडवली होती, हे त्याला त्या क्षणी कळले. शुक्रवारी त्याने दाढ काढून घेतली.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, अजून पुरते उजाडले नव्हते, शिकारखोपीत मेणबत्ती जळत होती. सिक्स्टेन यादी वाचत होता आणि एकेक जण हवा आत ओढत होता.

"मास्तर, अस्वलटेकडी."

होल्गरने ओठ मिटून घेतले. हवा आत नाही, बाहेर नाही. कुणीतरी पेला खाली ठेवला. कुत्र्यानेही वर पाहिले. मग त्याने सावकाश श्वास सोडला आणि त्या श्वासावर म्हणाला, "नाही. काळं तळं."

"जूनमध्ये दोनदा हो म्हणालास."

"ती ही होती." त्याने खिशातून काड्यापेटी काढली आणि दाढ टेबलावर, नकाशाशेजारी ठेवली.

मारलेल्या मूसचा जबडा पाहून वय सांगण्यात सिक्स्टेनचा हात पंचक्रोशीत धरणारा कुणी नव्हता. त्याने चष्मा लावला, दाढ मेणबत्तीजवळ धरली, उलटी केली, सुलटी केली.

"अठ्ठावन्न," तो म्हणाला. "पार झिजलाय. पण कळपात ठेवायला हरकत नाही."

हसणे ओसरल्यावर त्याने विचारले, मग ती नऊ-तीन काय कोपऱ्यात उभी करायची? गुनेलने जाकिटातून दोन कागद काढले. रायफली एकमेकांना वापरायला दिल्याचे, सह्यांच्या जागा रिकाम्या ठेवलेले.

"गुनेल, तू बसशील अस्वलटेकडीवर?" होल्गरने विचारले.

गुनेलने हवा अशी ओढली की मेणबत्तीची ज्योत तिच्याकडे झुकली.

राहिला रूबेन. त्याला रस्त्याकडेची जागा मिळाली. तिथे फोन लागतो हे कळल्यावर त्याचाही 'शुप्' तत्काळ आला. होल्गरने दोन्ही कागदांवर सह्या केल्या, नवी रायफल बायकोच्या हाती दिली, तिची जुनी साडेसहा खांद्याला लावली आणि ओळखीच्या पायवाटेने निघाला.

काळ्या तळ्यावर धुके नुकतेच उठत होते. ओंडका दवाने ओला होता. त्याने पाच काडतुसे मांडीवर ठेवली: बारीक, साधी, सासऱ्यांच्या हातचीच असावीत तशी. रेडिओवर सिक्स्टेनने विचारले, मास्तर जागेवर पोचला का? होल्गरने बटण दाबून अगदी मनापासून हवा आत ओढली. रेडिओला काही ऐकू गेले नाही. पुन्हा विचारणा झाली, तेव्हा तो तोंड उघडून म्हणाला, "आहे."

आठ वाजून वीस मिनिटांनी अस्वलटेकडीकडून एकच जड आवाज आला आणि पाण्यावर एक बारीकशी थरथर उमटून विरली. ती नऊ-तीन होती. दुसऱ्या गोळीची गरज पडली नाही. होल्गरने थर्मासमधली कॉफी ओतली, तिची वाफ धुक्यात मिसळू दिली आणि पहिला घोट डाव्या बाजूने घेतला.