खरं आणि वाजवी चित्र

"हिशेब सरकारनं ठरवायचा, आपण फक्त भरायचा!" पंख्यांच्या कारखान्यातले मुख्य हिशेबनीस हे छातीठोकपणे सांगत. त्यांच्या देशात टाचणीपासून भट्टीपर्यंत प्रत्येक वस्तूला कायद्यानं खाते क्रमांक दिला होता आणि ते सगळे त्यांना तोंडपाठ. "कसे आहात?" विचारलं तरी हा माणूस कलम सांगेल, म्हणून कचेरीनं नाव पाडलं होतं कलमराव!

असा हा कारखाना एका परदेशी कंपनीनं विकत घेतला. त्या देशात म्हणे सरकार हिशेबात फारसं डोकं घालत नाही. हिशेबनीसच एकत्र बसून नियम करतात.

"म्हणजे पेशंटनंच स्वतःला टाके घालायचे!" कलमराव फिसकन हसले.

मग मुख्यालयाचं पत्र भाषांतरित होऊन आलं : 'तपासनीसबाई येत आहेत. कंपनीचं खरं आणि वाजवी चित्र मिळालं तरच तुमचा हिशेब विभाग राहील. नाहीतर कुलूप.'

कलमरावांनी कायद्याची चारही पुस्तकं पालथी घातली. चित्राला क्रमांकच नाही!

"खरं चित्र म्हणजे फोटो," त्यांनी निकाल दिला. "आणि वाजवी म्हणजे, फोटोग्राफर स्वस्तातला बघा!"

बायकोच्या भावापेक्षा स्वस्त कोण? तो आयुष्यभर पासपोर्टचे फोटो काढत आलेला.

"भावोजी, हनुवटी वर!"

"अरे, मला काय काढतोस? कंपनी काढ!"

मेहुणा थेट गोदामात शिरला. गळकं छत, खाली बादली आणि भोवती गंजलेले चारशे पंखे. फोटो मात्र झकास आला! कलमरावांनी तो ताळेबंदाच्या पहिल्या पानावर चिकटवून तीन शिक्के हाणले.

तपासनीसबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "हे पंखे हिशेबात केवढ्याला धरलेत?"

"पूर्ण किमतीला."

"अहो, गंजलेत ते!"

"गंजाला क्रमांक नाही, बाई. कायद्याच्या लेखी ते कोरे करकरीत आहेत."

"आमच्याकडे चित्र म्हणजे आकड्यांतून दिसणारी खरी परिस्थिती. फोटो नव्हे!"

कलमरावांनी मुख्यालयाचं पत्र पुन्हा उघडलं. "आणि... वाजवी?"

"कुणाची दिशाभूल न करणारं."

"मी तर घासाघीस करून निम्म्यात काढलं हो!"

बाईंनी हसू फाईलमागे दडवलं. "तीस कचेऱ्या तपासल्या, पण आपणहून गंज दाखवणारे तुम्ही पहिलेच. एक संधी देते. या पंख्यांचं काय धरायचं, ते पाच वाजेपर्यंत लिहून द्या. विभाग वाचेल."

"कोणत्या कलमाखाली?"

"कलम नाही. तुमचं स्वतःचं मत!"

कलमराव कोरा कागद घेऊन बसले. दुपार टळली. मत असं त्यांना सरकारनं कधी विचारलं नव्हतं. घरी तर तशी पद्धतच नव्हती. पाचाला दहा कमी असताना त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, त्या गंजलेल्या पंख्यांबद्दल माझं मत काय आहे?"

"भंगार आहेत, असं तुमचं मत आहे," बायको म्हणाली. "आता सही करा!"