तात्यांच्या रेडिओतला अडथळा

सकाळी कडी वाजली आणि दारात कुणी तान्ह्या मुलासारखा रेडिओ काखेत घेऊन उभं असलं, तर ते आमचे तात्या.

"मास्तर, चार्जर लावलाय जणू. काढा की जरा. हवेत अडथळा हाय."

तात्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण निघताना अधिकार काही जमा करून आले नाहीत. जुना ट्रान्झिस्टर घेऊन ते शिवाजी पेठेतली आमची गल्ली पालथी घालतात आणि खरखरीवरून गुन्हेगार ओळखतात. बारीक गुणगुण म्हणजे स्वस्तातला एलईडी बल्ब, तडतड म्हणजे कुणाची तरी मोटर. "हवेत अडथळा हाय" हे त्यांचं कुठल्याही प्रश्नावरचं उत्तर. पुतणीचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही त्यांनी हेच निदान केलं. त्याहून बरं निदान दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

यंदा त्यांनी डिजिटल एएमचा रेडिओ घेतला. उद्घाटनाला नारळ होता, हार होता आणि श्रोता म्हणून मी होतो.

"जुना रेडिओ खरखरत का हुईना, बोलायचा," तात्या म्हणाले. "ह्याचं तसं न्हाय. सिग्नल घावतोय तवर काचेगत स्वच्छ. अडथळा वाढला की एकदम तोंडच मिटतोय. मधलं काय त्याला ठावंच न्हाय."

हे वर्णन मला ओळखीचं वाटलं. समोरच्या घरात तात्यांची थोरली बहीण, आक्का, एकट्याच राहतात आणि ही भावंडं एकमेकांशी बोलत नाहीत. कारण फुटबॉल; आमच्याकडे त्याचे संघ पेठेतल्या तालमींचे असतात. आक्कांच्या सासरच्या तालमीकडून खेळताना त्यांच्या मुलानं तात्यांच्या तालमीवर अखेरच्या क्षणी गोल मारला आणि आक्कांनी पहिला पेढा भावाच्या दारात आणून दिला. तो मुलगा आता परदेशात असतो, त्याचे केस पिकलेत. गोल मात्र अजून ताजा आहे.

नव्या रेडिओचं तोंड रोज सकाळच्या बातम्यांतच मिटायचं. तेवढ्यात आक्कांचा जुना मिक्सर सुरू व्हायचा.

"मुद्दाम बातम्यांच्या टायमाला वाटण घालती," तात्या म्हणायचे. साऱ्या गल्लीला तोंडावर सुनावणाऱ्या या माणसानं इथं मात्र मला पाठवलं.

आक्का म्हणाल्या, "त्याला सांगा मास्तर, रेडिओ त्याचा, मिक्सर माझा. आणि बातम्या ऐकून त्याला कुठं राज्य चालवायचंय?"

मी पहिलंच वाक्य पोचवलं. दूताला एवढी सवलत असते.

मग एका सकाळी मी चहाला तात्यांकडे बसलो होतो. बातम्या सुरू झाल्या, हवामान झालं, खेळ झाले. एक शब्द तुटला नाही.

"अभिनंदन तात्या. आज अडथळा नाही."

तात्यांनी कप खाली ठेवला. "तेच म्हणतोय मी. का न्हाय?"

आणि ते अनवाणीच गल्ली ओलांडून गेले. मी मागोमाग. तात्या दारावर थापा मारत होते. "आक्के, दार उघड. आक्के!"

दार उघडलं. आक्का धडधाकट होत्या, हातात पाट्यावरचा वरवंटा होता.

"काय रं?"

तात्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "मिक्सर का लावला न्हाईस?"

"जळालाय."

"मग सांगायचं की."

"कुणाला?"

तात्यांनी मिक्सर उचलून काखेत मारला आणि दुरुस्तीच्या दुकानाची वाट धरली. दुकानदार म्हणाला, "जळाला न्हाय, मोटरचे कार्बन झिजलेत. नवे टाकतो, आणि आत एक बारकी वस्तू बसवतो. रेडिओला तरास न्हाय हुयाचा."

"ती नगं," तात्या म्हणाले. "हाय तसाच करून दे."

दुसऱ्या दिवशी बातम्या रंगात आल्या असतानाच रेडिओचं तोंड मिटलं. सवयीनं मी त्याला टपली मारायला हात उचलला. तात्यांनी तो धरला.

"असू दे, मास्तर. आक्का उठली."

आणि त्या शांततेत त्यांनी चहाचा पहिला घोट घेतला.