घड्याळाची पाठ

दत्तरावांच्या हाती कुणी घड्याळ दिलं, की ते आधी उलटं करत. किती वाजले ते राहू द्या, आधी पाठ. "तोंड समद्याचं सारखंच असतंय," ते म्हणत, "पाठ दाखवा."

सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर ते पाटकरी होते, म्हणजे कोणाच्या शेताला पाणी कधी सोडायचं ते बघणारे. मी तिथल्याच ऑफिसात कारकून आणि क्वार्टरमध्ये त्यांचा शेजारी. एकदा दोन शेतकरी पाण्याच्या पाळीवरून हमरीतुमरीवर आले. पाळी संपली, असं एकाचं घड्याळ म्हणत होतं, अजून बाकी आहे, असं दुसऱ्याचं. दत्तरावांनी दोन्ही घड्याळं मागून घेतली. आता निकाल लागणार म्हणून माणसं पुढे सरकली. यांनी दोन्ही उलटी करून बघितली, "कोरीच हायेत" म्हणून परत दिली आणि चालते झाले. भांडणारे दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

लग्नात जावयाला चावीचं घड्याळ द्यायचं आणि भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडूनच त्याच्या पाठीवर नाव घालून घ्यायचं, अशी आमच्याकडे काही घरांत पद्धत होती. दत्तरावांना तसली घड्याळं जमवायची होती. नाद नवाच होता आणि कळत काही नव्हतं. पाच जमली, त्यातली चार बंद. ती एका स्टीलच्या डब्यात असत. मी गेलो की डबा उघडून एकेक पाठ वाचून दाखवत, जणू कालच ती लग्नं जेवून आले आहेत. एका घड्याळाची काच धड होती, म्हणून तो जावई त्यांच्या मते शांत स्वभावाचा होता. मी हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

जुनी घड्याळं कॉम्प्युटरवर विकत मिळतात, हे त्यांना मीच सांगितलं. हिंगोलीत तेव्हा इंटरनेटची दुकानं नवीनच निघाली होती. दर रविवारी ते माझ्या गाडीवर मागे बसून येत. पहिल्याच दिवशी पडद्यावर घड्याळ दिसल्याबरोबर त्यांनी दुकानदाराला ते उलटं करायला सांगितलं. हा फोटो आहे, उलटा होत नाही, हे पटवता पटवता त्याचा अर्धा तास गेला. मग मी विकणाऱ्यांना पाठीचा फोटो पाठवा म्हणून लिहायचो. बहुतेक जण उत्तरच देत नसत.

एका रविवारी काळ्या तबकडीचं एक घड्याळ दिसलं. सातच्या आकड्याशी पाण्याचा तांबूस डाग होता. दत्तराव पडद्यापाशी वाकले आणि त्यांनी त्या डागावर बोट टेकवलं. मग हळूच म्हणाले, "साहेब, ह्याची पाठ तेवढी मागवा."

दुसऱ्या दिवशी मी विकणाऱ्याला फोन केला. फोटोला आठवडा लागेल, तोवर घड्याळ राहील असं नाही, असं तो म्हणाला. पाठीवर खूप ओरखडे आहेत, पॉलिश करून पाठवू का, असंही विचारलं. मला घाई झाली. म्हाताऱ्याला एकदम चकचकीत घड्याळ हातात देऊ, या खुशीत मी हो म्हणालो. ओरखडे की अक्षरं, एवढं एक विचारायचं होतं. ते मी विचारलं नाही.

पार्सल आलं. दत्तरावांनी घड्याळ काढलं आणि सवयीनं उलटं केलं. पाठ आरशासारखी गुळगुळीत. मी मोठ्या ऐटीत पॉलिशचं सांगितलं. ते त्या पाठीवरून अंगठा फिरवत राहिले.

"बराबर केलं साहेब," ते म्हणाले. "चमकून राहिलं."

मग खाली बसून त्यांनी सांगितलं. त्यांच्या सासऱ्यांनीही असंच नाव घालून घड्याळ दिलं होतं, आणि नाव एकट्या जावयाचं नव्हतं, खाली लेकीचंही होतं, गयाबाई. रोज सकाळी चावी गयाबाईच देत. एकदा कालव्यात हात घालताना आत पाणी गेलं आणि सातपाशी डाग पडला. बाई गेल्या, घड्याळ बंद पडलं. चावी द्यायला यांचा हात होईना. एक दिवस भंगारवाला दारात आला, तर रागाच्या भरात त्याच्या टोपलीत टाकून दिलं.

"डाग तर लई घड्याळायला असतेत," ते म्हणाले. "पाठीनंच सांगितलं असतं."

मी तडक जाऊन विकणाऱ्याला फोन लावला. भांड्यावर असतात तशी दोन नावं होती, म्हणाला. कोणती, ते त्याला आठवत नव्हतं.

परत आल्यावर मी हे काही बोललो नाही. फक्त म्हणालो, "मामा, पुन्हा नाव घालून आणू का?"

"नगं साहेब. दुसऱ्या कुणाच्या सासऱ्यानं दिलेलं असंल तर? त्याच्यावर आपलं नाव कसं घालावं?"

त्यानंतर ते हिंगोलीला आले नाहीत. तो डबाही पुन्हा माझ्यासमोर उघडला नाही. ते घड्याळ मात्र रोज मनगटावर असे, आणि चावी दिलेली असे. वेळ विचारली की दत्तराव आता सरळ वेळ सांगत. मला ते ऐकवत नसे.