रेवणमामांचा पाट

आमच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांना भेटायचं तर आधी रेवणमामांना अंगाचा वास द्यावा लागतो. दारात हे नाक पुढं करून उभे. "मॅडम, गजरा काढा. सर, कांदा खाल्लासा व्हय? वासानं उंदराचं डोकं फिरतंय की!" स्वतःच्या गालात मात्र तंबाखूचा बार. त्याची म्हणे उंदरांना सवय झालीय.

पद लॅब असिस्टंटचं, ऐट कुलगुरूंची. आम्ही डिमेन्शियावर, म्हणजे म्हातारपणी सगळं विसरायला लावणाऱ्या आजारावर काम करतो. मेंदूचं रक्षण करणाऱ्या पेशीच वय झाल्यावर बिघडतात का, ते आम्ही म्हाताऱ्या उंदरांत शोधतो. मामांनी आमचं हे सगळं विज्ञान चहाच्या टपरीवर उरकून टाकलंय. "मेंदूत झाडूवाले असत्यात. वय झालं की ते कचरा सोडून भिंतीच पाडाय लागत्यात. कळलं?" एवढ्या भांडवलावर हा माणूस गल्लीत डॉक्टर म्हणून मिरवतो.

कुणी किल्ली विसरलं की लगेच, "झाडूवाले पिसाळले तुमचे!" आमच्या मोठ्या मॅडम एकदा स्वतःच बोलावलेली मीटिंग विसरल्या, तर त्यांनाही सोडलं नाही. वर "नियम म्हंजी नियम" हे पालुपद आहेच. आणि हाच नियमांचा पुतळा दुपारच्या सुट्टीत जो गायब होतो, तो सुट्टी संपली तरी उगवत नाही. नवी पेठेत कुठंतरी घोरत पडत असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

परवा तर कहरच झाला. उंदराची आठवण तपासायची आमची एक रीत आहे. हौदातल्या दुधी पाण्याखाली एक छोटा चौथरा दडवायचा. मामा त्याला पाट म्हणतात. उंदीर रोज पोहून पोहून त्याची जागा लक्षात ठेवतो. शेवटच्या दिवशी पाट काढून घ्यायचा. ज्याला जागा आठवते, तो नेमका तिथंच घिरट्या घालतो.

आम्ही कॅमेऱ्यात बघतो तर काय! पहिला उंदीर रिकाम्या जागेवर गरगर फिरतोय, आणि मामांचा केसाळ हात हळूच येऊन पाट परत ठेवून जातोय. त्यानंतरचा प्रत्येक उंदीर जावयासारखा पाटावर बसलेला. सगळ्या मेहनतीवर पाणी! मोठ्या मॅडम कडाडल्या, "त्या नियमवाल्याला आत्ताच्या आत्ता शोधून आण. कायमचा घरी बसवते त्याला!"

मी तणतणत नवी पेठ पालथी घातली. एका साडीच्या दुकानाच्या कोपऱ्यात मामा सापडले. डबा उघडलेला. समोर पाटावर एक पांढऱ्या केसांची बाई बसली होती.

"या की बाई," ती मला म्हणाली. "बसा. आई पाणी आणती."

मामा हलक्या आवाजात म्हणाले, "आमची मंडळी. हितं तिचं म्हायेर हुतं. ते पाडून दुकान झालं. मला इसरली, लेकरांना इसरली. पर रोज दुपारी चालत बरोबर हितंच येती. पयलं दुकानदार हाकलायचा. त्याच्या हातापाया पडून ह्यो पाट ठिवला."

भांडायला आलेली मी. तिथंच खाली बसले. "मामा, उंदरांचा पाट का ठेवलात परत?"

"त्याला बरोबर आठवत हुतं ओ," मामा म्हणाले. "जागेवरच आलता. आपणच काढून घेतला. न्हाय बघवलं."

मॅडमचा फोन वाजत होता, तो मी कापला. म्हटलं, "मॅडमना मी समजावते. पुन्हा पोहवू उंदीर. शेवटच्या दिवशी पाट मी काढीन. तुम्ही त्या दिवशी रजा टाका."

"नियम म्हंजी..." मामांनी सुरुवात केली.

तेवढ्यात मामींनी त्यांच्यापुढं डबा सरकवला. "पाव्हणं, खावा की. आमचं मालक न्ह्यायला येणार हायती मला. वाटंत दिसलं का वो?"

"निगाल्यात की," मामा म्हणाले, आणि भाकरीचा घास मोडून त्यांनी तिच्या हातावर ठेवला.