सातासमुद्रापारची मागणी

मृत समुद्रात डुंबून झालं, अंगाला काळा चिखल फासून झाला, एकमेकांचे फोटो काढून झाले, आणि नेमकं तेव्हाच किनाऱ्यावरच्या नळांचं पाणी गेलं. हैसमच्या गटातल्या नॉर्वेजियन म्हाताऱ्यांनी एकेक नळ पिळून पाहिला. नळ फुसफुसले, पाणी काही आलं नाही. उन्हात चिखल वाळून कडक झाला, मीठ कातडीला, डोळ्यांना चावू लागलं, आणि सकाळी नेबो पर्वतावर मुसा पैगंबराच्या आठवणीनं डोळे पुसणारी ती सभ्य मंडळी आता बसच्या सीटांना पाठी घासत बसली होती.

"सकाळी बाप्तिस्म्याच्या नदीवर बाटल्या भरभरून घेतल्यात ना पवित्र पाण्याच्या?" ड्रायव्हर अबू हाबिस म्हणाला. "मग ओता की डोळ्यांवर! कशाला राखून ठेवलंय?"

हैसम गाइड. भाषांतर करणं त्याचं कामच, म्हणून त्यानं ते केलं.

"मुळीच नाही," इंगेबोर्गबाई बाटली छातीशी धरत म्हणाल्या. "हे माझ्या पणतीच्या बारशासाठी आहे."

"आणि माझ्या डोळ्याचं काय?" त्यांचे यजमान तोरवाल्ड एक डोळा मिटून कण्हले.

"तुमचं बारसं झालंय."

ज्यातून ही मंडळी आली होती ते जहाज अकाब्याच्या बंदरात उभं होतं आणि संध्याकाळी सुटणार होतं. रस्ता लांबचा, त्यात सगळ्यांच्या अंगाची आग. अबू हाबिसनं गाडी दक्षिणेकडे घातली आणि मोठ्या उदारपणे जाहीर केलं, "घाबरायचं नाही. वाटेत साफीला थांबू. टोमॅटोच्या मळ्यात पाणीच पाणी!"

"कोणाच्या मळ्यात?" हैसमनं विचारलं.

"अबू फलाहच्या. दुसऱ्या कोणाच्या?"

हैसम सीटवरून उठलाच. "अबू हाबिस, तुझ्या पाया पडतो, तिथं नको!"

"त्याच्याकडं पाणी आहे. तुझ्याकडं आहे का?"

अबू फलाहची मुलगी रुबा साफीच्या दवाखान्यात परिचारिका होती, आणि हैसमचा जीव तिच्यावर जडला होता. तिचाही त्याच्यावर. गेल्या वर्षी रीतीप्रमाणे त्यानं जाहा पाठवली होती, म्हणजे मागणी घालायला जाणारी वडीलधाऱ्यांची मंडळी. पण हैसमला आईबाप नाहीत, गणगोत तोकडं. काका आणि काकांचे तीन मित्र, एवढीच काय ती जाहा. अबू फलाहनं त्यांना तोंडावर सांगितलं होतं, "चार टाळकी? यापेक्षा जास्त माणसं माझ्याकडं उधार बियाणं मागायला येतात. आणि मुलगा करतो काय, तर दिवसभर छत्री उंच धरून उलटा चालतो! माझ्या पोरीनं याच्या मागून चालायचं का पुढून?"

तेव्हापासून रुबानं आणखी दोन स्थळं नाकारली होती, आणि अबू फलाहनं शब्द काही मागे घेतला नव्हता.

बस मळ्याशी थांबली. अबू फलाहनं हैसमकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, पण दारात आलेला पाहुणा म्हणजे देवानं धाडलेला. तो स्वतः रबरी नळी घेऊन आला आणि टोमॅटोंच्या वाफ्यांत उभं करून त्यानं एकेका म्हाताऱ्याला धुवून काढलं. बायकांना रुबाची आई घरात घेऊन गेली; त्या दिवशी सुट्टीवर असलेली रुबा चुलीकडे वळली. पुरुषांचे कपडे मिठानं ताठ झाले होते, तेव्हा अबू फलाहनं कपाट उघडून आपले आणि भावांचे पांढरे पायघोळ अंगरखे त्यांना दिले.

थोड्या वेळानं बैठकीत लोडांना टेकून सात पांढऱ्या दाढीवाले, पांढऱ्या अंगरख्यातले, गंभीर चेहऱ्याचे म्हातारे ओळीनं बसले होते. दारात मोठी बस उभी. ते पाहून शेजारचे दोघं आत आले. त्यांना पाहून आणखी चौघं आले आणि कोणी न विचारता भिंतीशी बसले.

"मोठी मंडळी दिसतात," एकजण कुजबुजला.

"समोर हैसम बसलाय बघ," दुसरा म्हणाला.

मग आतून रुबाच्या हातची कॉफी आली, वेलदोड्याची, बिनसाखरेची. रुबाचा थोरला भाऊ फलाह ती ओतत होता. रिवाजाप्रमाणे पहिला घोट त्यानं स्वतः घेतला, जरासा खोकला, आणि पाहुण्यांना इवले इवले पेले भरून दिले. तोरवाल्डनी पेला ओठाला लावला. त्यांचा चांगला डोळाही मिटला. अत्यंत सौजन्यानं त्यांनी पेला समोर जमिनीवर ठेवून दिला. ते पाहून उरलेल्या सहांनीही आपापले पेले तसेच खाली ठेवले.

भिंतीशी बसलेले शेजारी सावरून बसले. कॉफी न पिता खाली ठेवली, म्हणजे पाहुण्याला काही मागायचं आहे, आणि यजमानानं शब्द दिल्याशिवाय तो पिणार नाही, हे त्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फक्त नॉर्वेच्या सात म्हाताऱ्यांना ठाऊक नव्हतं.

"काका, तुम्ही समजताय तसं नाही," हैसम घाबरून उठला. "ह्यांना काही मागायचं नाही. कॉफी कडू लागली असेल त्यांना, शपथेवर सांगतो!"

"खाली बस," अबू फलाह म्हणाला. "जाहेत नवरा मुलगा तोंड उघडत नाही. एवढंही शिकवलं नाही का कोणी?" मग तो तोरवाल्डकडे वळला. "पाहुणे, काय मागणं असेल ते बोला."

हैसमनं भाषांतर केलं. तोरवाल्डनी विचार केला. "आम्हाला काही नको," ते म्हणाले. "तुम्ही परक्या माणसांना अंघोळ घातलीत, अंगावर कपडे दिलेत, आणखी काय मागायचं? पण हा मुलगा... सकाळी मला दम लागला तर डोंगरावर माझा हात धरून चढला. स्वतःचं पिण्याचं पाणी मला दिलं. मला मुलगा नाही. असता तर असा असावा. याचं भलं होवो, एवढंच."

हैसमला पुढे बोलवेना. त्याच्याविषयी असं कोणी कधी बोललं नव्हतं, आणि ते त्यानंच स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं.

"हा का रडतोय?" अबू फलाहनं विचारलं.

अबू हाबिसनं वीस वर्षं गाइडांबरोबर गाडी हाकली होती. पाहुण्यांची भाषा बोलता येत नसली तरी त्याला सगळी कळत असे. त्यानं शब्दन् शब्द सांगितला, वर थोडं पदरचं जोडून. "आणि म्हणतात, पोराला बाप नाही, म्हणून आम्ही आलोय. पोरगी द्या."

भिंतीशी बसलेले सगळे शेजारी अबू फलाहकडे पाहू लागले. त्याच्या मनात आलं, गेल्या वर्षी ज्याच्याकडं माणसं नाहीत म्हणून हसलो, त्याच्यासाठी सातासमुद्रापारचे वडीलधारे आपल्याच कपाटातले अंगरखे घालून बसलेत! अबू फलाहनं दाढी कुरवाळली. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं तर घरात वर्षभर कोणी धड बोलत नसल्यानं तोही कंटाळला होता.

"प्या तुमची कॉफी," तो शेवटी म्हणाला. "दिली."

पडद्यामागे रुबाच्या आईनं जिभेनं आनंदाची किलकारी घातली, आणि काय चाललंय हे न कळूनही इंगेबोर्गबाईंनी तिच्यात सूर मिळवला. हैसम म्हाताऱ्यांपुढं हात जोडून म्हणाला, "प्या. माझ्यासाठी प्या. नंतर सांगतो." सातही जणांनी डोळे मिटून, शूरपणे पेले रिकामे केले.

फलाहनं बापाला पेला भरून दिला. अबू फलाहनं घोट घेतला आणि तो थांबला. त्यानं पेल्यात पाहिलं, मग फलाहकडे. फलाह छत न्याहाळत होता. पडद्यामागे बांगड्या वाजल्या आणि लगेच गप्प झाल्या.

"पाहुण्यांना विचार," तो सावकाश म्हणाला, "कॉफी कशी झालीय?"

"तुमच्या समुद्राची चव आहे," तोरवाल्ड प्रामाणिकपणे म्हणाले.

हैसमनं घाईनं आपला पेला ओठाला लावला, आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: मीठ! पाहुण्यांनी पेले खाली ठेवावेत म्हणून रुबानं मुद्दामच घातलेलं. अबू फलाहनं मात्र आपला पेला शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, आणि नको आता, म्हणून रीतसर हलवून परत दिला.

"हैसम," तो म्हणाला, "या घरात मीठ कधी जास्त पडलं तर आम्ही रुबाला बोलून दाखवत नाही. इतकी वर्षं मी गपचूप गिळलं. आता तू गिळ."