आवाज निरंक

ज्येष्ठ व परावलंबी प्रौढ संरक्षण कार्यालयात मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी एक तक्रार दाखल झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात वृद्ध व्यक्तीचा शाब्दिक छळ होत असून तो सकाळी सातला सुरू होतो आणि दुपारची झोप वगळता दिवे लागेपर्यंत चालतो, असं तक्रारदाराचं म्हणणं होतं. तक्रारदार समोरच्याच घरात राहत. त्यांचं पडद्यांचं दुकान होतं आणि बोलणं अत्यंत मऊ होतं. "मला काही त्रास नाही हो," त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "पण माणुसकी म्हणून कळवतोय."

हे प्रकरण निरीक्षकबाईंकडे आलं. त्यांना नोकरीला लागून चार महिने झाले होते आणि या चार महिन्यांत त्यांनी फक्त रकाने तपासले होते. कुणाला तरी खरोखर वाचवावं, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. त्या लगबगीनं निघाल्या.

दुसऱ्या मजल्यावर पोचतात तोच वरून आवाज आला. "...मर! अगं, मर!" त्यावर एक बाई कडाडल्या, "नाही म्हणजे नाही! तुला किती वेळा सांगू?"

निरीक्षकबाईंनी जिन्यातच वही काढली आणि नोंद केली: 'मर' (दोनदा).

दार एका आजोबांनी उघडलं. एका डोळ्याला घड्याळ दुरुस्तीचं भिंग अडकवलेलं, दुसरा डोळा मिटलेला. जन्मभर घड्याळं दुरुस्त केल्यामुळे सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. वय अठ्ठ्याहत्तर. आत त्यांची थोरली बहीण बसली होती, वय ब्याऐंशी, निवृत्त मुख्याध्यापिका. तिला सगळे ताई म्हणत, आणि ती घड्याळजींना बाळ्या म्हणे. दोघांनाही ऐकू कमी यायचं. दोघांच्या मध्ये वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पसरलेलं होतं.

"आजोबा, तुमचा छळ होतो का?" निरीक्षकबाईंनी विचारलं.

"काय?"

"छळ! छळ होतो का?"

"होतो की! अठ्ठ्याहत्तर वर्षं होतोय!" घड्याळजी खुशीत म्हणाले.

"कोण करतं?"

"ही! दुसरं आहे कोण घरात?"

"आणि माझा हा करतो," ताई म्हणाल्या. "लिहा. माझं आधी लिहा, मी मोठी आहे. आडवा सात, 'मरण नसलेला', चार अक्षरी. हा सकाळपासून 'अमर, अमर' करून डोकं उठवतोय. तीन अक्षरं होतात, तर म्हणतो चौथं घर छापखान्याची चूक आहे!"

निरीक्षकबाईंच्या लक्षात काय ते आलं. त्या हसल्यासुद्धा. पण नोंद शाईनं झालेली होती आणि वहीच्या पानांवर क्रमांक होते.

कार्यालयात साहेबांनी कागद वाचला. "पीडित कोण?"

"दोघंही म्हणतात, मी."

"छळकर्ता?"

"दोघंही म्हणतात, समोरचा. पण साहेब, तो 'मर' नव्हता, 'अमर' होता. कोडं सोडवत होते."

"म्हणजे 'अ' मुद्दाम हलका उच्चारला गेला," साहेब गंभीरपणे म्हणाले. "फार मुरलेले दिसतात."

"त्यांना ते भांडण आवडतं, साहेब."

"पीडिताला आवडणं हे छळाचं सर्वात गंभीर लक्षण आहे. परिशिष्ट पाहा."

संगणकात एका पत्त्यावर एकच पीडित बसत असल्यानं दोन फायली उघडण्यात आल्या. पहिल्या फायलीत ताईंना घड्याळजींपासून संरक्षण मंजूर झालं, दुसरीत घड्याळजींना ताईंपासून. नियमाप्रमाणे पीडित आणि छळकर्ता यांच्यात किमान तीन मीटर अंतर हवं होतं. घराची रुंदी साडेपाच मीटर. निरीक्षकबाईंनी गुडघ्यांवर बसून घराच्या मधोमध पिवळी चिकटपट्टी लावली. स्वयंपाकघर ताईंकडे गेलं, संडास घड्याळजींकडे.

"आणि मी जायचं कुठे?" ताईंनी विचारलं.

"अर्ज करायचा, आजी. तीन दिवस आधी."

"तीन दिवस आधी मला कसं कळणार?"

या प्रश्नाची तरतूद प्रपत्रात नव्हती. ताईंनी ते प्रपत्र हातात घेतलं, लाल पेनानं शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या, खाली 'दहापैकी चार, पालकांना भेटायला पाठवणे' असा शेरा मारला आणि साहेबांकडे परत धाडलं. साहेबांनी दोन दिवस त्यावर विचार केला आणि ताईंना 'सहेतुक ये-जा' या सदराखाली कायमस्वरूपी परवाना दिला. घड्याळजींनी तोच परवाना चहासाठी मागितला. तो नाकारण्यात आला, कारण चहा ही नैसर्गिक गरज असल्याचा पुरावा त्यांनी जोडला नव्हता.

दोघांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही, असंही ठरलं. जे सांगायचं ते संवाद नोंदवहीत लिहायचं. वही कार्यालयात येणार, तपासली जाणार आणि पलीकडे जाणार. सोमवारी घड्याळजींनी लिहिलं, 'ताई, आडवा सात 'अजरामर' असेल का?' वही गुरुवारी परत आली. समासात साहेबांची टीप होती: 'अक्षरसंख्येबाबत पडताळणी करून अभिप्राय सादर करावा.' पाच अक्षरं होतात, हे ताईंना पट्टीपलीकडून दिसत होतं. त्यांनी हाताची पाच बोटं दाखवली. घड्याळजींना वाटलं, त्या मारायला उठल्या. त्यांचा चेहरा उजळला. पण ताई जागच्या हलल्या नाहीत. नियम म्हणजे नियम. जन्मभर त्यांनी मुलांना तेच शिकवलं होतं.

तीन आठवड्यांनी निरीक्षकबाई पाहणीला गेल्या तेव्हा जिन्यात चिटपाखरू नव्हतं. आत घड्याळजी भिंतीकडे तोंड करून बसले होते. ताईंच्या मांडीवर वर्तमानपत्र होतं, घडीसुद्धा न मोडलेलं.

"आजी, आज कोडं नाही?"

"चुका कुणाच्या काढू?" ताई म्हणाल्या.

निरीक्षकबाईंनी अहवाल लिहिला. 'शाब्दिक छळ: निरंक. आवाज: निरंक.' साहेब इतके खूश झाले की त्यांनी तो अहवाल फळ्यावर लावला. निरीक्षकबाईंना मात्र दुपारचा डबा गेला नाही. आपण नक्की कुणाला वाचवलं, हे त्यांना काही केल्या आठवेना.

प्रकरण बंद करायला तक्रारदाराची सही लागते. म्हणून त्या पडदेवाल्यांच्या घरी गेल्या. घर देवघरासारखं स्वच्छ. खिडक्यांना दुहेरी पडदे, दारांना पडदे, पडद्यांच्या मागे पडदे. "किती शांत वाटतंय आता," पडदेवाले म्हणाले. "माझ्या आईचीही तपासणी करून घ्या ना. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही." आणि ते सहीसाठी चष्मा शोधायला गेले.

मागच्या खोलीत आजी बसल्या होत्या. नखं कापलेली, केस विंचरलेले, गोळ्यांची डबी वारांप्रमाणे भरलेली.

"समोरचे गेले का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही, आजी. दोघंही आहेत."

"मग आवाज का येत नाही? दिवसभर तेवढीच माणसं असायची माझ्याकडे. मी इथून त्यांना उत्तरं सांगायची. आडवा सात मला येत होता. चिरंजीव! आमच्याच घरात आहे ना एक."

निरीक्षकबाई खुर्चीत बसल्या. "तुमच्याशी घरात कोण बोलतं, आजी?"

"बोलतात की. सून विचारते, गोळी घेतली? मी म्हणते, घेतली. मुलगा विचारतो, झोप लागली? मी म्हणते, लागली."

"आणि लागते?"

आजी पुढे सरकल्या. "हे पुढचं कुणी विचारत नाही," त्या म्हणाल्या. मग त्या सांगायला लागल्या. पडदेवाले चष्मा लावून आले, सही करून गेले, चहा ठेवून गेले. निरीक्षकबाई अडीच तास तिथेच होत्या.

बाहेर पडल्यावर त्या तशाच समोरच्या घरात शिरल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि नखांनी पिवळी पट्टी उकलायला लागल्या.

"हे नियमात बसतं का?" ताईंनी संशयानं विचारलं.

"नाही," निरीक्षकबाई म्हणाल्या. "आणि आडवा सात चिरंजीव आहे."

मग घड्याळजी गरजले, "मी तेच म्हणत होतो!"

"तू? मेल्या, तू अमर म्हणत होतास!" ताईंचा आवाज पार तळमजल्यापर्यंत गेला. समोरच्या घरातून, दोन पडद्यांच्या मागून, कुणीतरी टाळी वाजवली.

पट्टी काढल्याबद्दल निरीक्षकबाईंना कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्यांनी कारण म्हणून पडदेवाल्यांच्या आईंचं प्रकरण पुढे ठेवलं. साहेबांनी सत्तेचाळीस प्रश्नांचं प्रपत्र भरायला लावलं. जेवण वेळेवर? हो. औषधं? हो. स्वच्छता? हो. आरडाओरडा? नाही. धोक्याचे गुण आले शून्य.

"सत्तेचाळीसपैकी शून्य!" साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. "सबंध नोकरीत मी असं घर पाहिलं नाही."

"पण साहेब, त्यांच्याशी कुणी बोलत नाही."

"प्रश्न क्रमांक?"

"तसा प्रश्नच नाही त्यात."

"मग उत्तर कुठे लिहिणार तुम्ही?"

पडदेवाल्यांना त्या वर्षीचा आदर्श कुटुंब पुरस्कार जाहीर झाला. समारंभाला सभागृह भरलं. मानपत्र वाचलं गेलं, पडदेवाल्यांचे डोळे पाणावले, छायाचित्रकारानं ते पुन्हा पाणावायला सांगितले. मग सूत्रसंचालकानं आजींसमोर ध्वनिक्षेपक धरला. "आजी, कसं वाटतंय? दोन शब्द!"

"सांगते," आजी म्हणाल्या, आणि खरोखरच सांगायला लागल्या. दोन शब्द झाले, वीस झाले. पडदेवाल्यांचं हसू जागच्या जागी वाळलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. सूत्रसंचालकानं ध्वनिक्षेपक हलकेच आपल्याकडे घेतला आणि म्हणाला, "आजींच्या भावना अनावर झाल्या आहेत. जोरदार टाळ्या!"

आजी बोलतच होत्या. ओठ हलताना शेवटच्या रांगेतूनही दिसत होते. निरीक्षकबाई मंचाच्या पायऱ्यांशी धावल्या आणि दोन्ही हात वर करून ओरडल्या, "अहो, थांबा! ऐकू येत नाहीये!" पण टाळ्या कसल्या थांबतायत. लोक उठून उभे राहिले होते. बऱ्याच जणांना आपापली आई आठवली होती आणि त्यांचा ऊर भरून आला होता.

पुढे निरीक्षकबाईंनी, आजी काय म्हणाल्या ते कुणी ऐकलं का, अशी चौकशी केली. पहिली रांग मान्यवरांसाठी राखीव आणि रिकामी होती, त्यामुळे मंचाला सर्वात जवळ दुसरी रांग होती. तिथल्या एका सद्गृहस्थांनी सांगितलं, आम्ही ऐकणारच होतो, पण शेजारच्या खुर्चीतून इतक्या मनापासून टाळ्या पडत होत्या की काही कळेना. त्या खुर्चीत कोण होतं, हे त्यांना सांगता आलं नाही. वाचकहो, तुम्ही तेव्हा उभे होतात, त्यामुळे तुमचा चेहरा त्यांना नीट दिसला नाही.