धाप न लागणाऱ्यांचं औषध

धापेवरच्या नव्या गोळीची चाचणी यथासांग पार पडली आणि खरी गोळी घेणारे व तिच्याऐवजी नुसत्या खडूची गोळी घेणारे सरासरीने सारखेच चालतात, असं सिद्ध झालं.

चाचणीची पद्धत साधी होती. रुग्णालयाच्या लांब व्हरांड्यात दोन टोकांना दोन खुर्च्या. नाव पुकारलं की रुग्णाने उठायचं आणि घंटा होईपर्यंत या खुर्चीपासून त्या खुर्चीपर्यंत फेऱ्या मारायच्या. औषधाआधी एकदा, औषधानंतर एकदा. अंतर वाढलं तेवढे तुम्ही बरे झालात. तुमचं मत विचारलं जात नसे.

"सरासरी म्हणजे गर्दी," संचालिकाबाई म्हणाल्या. "गर्दीत चेहरा दिसत नाही. मास्तर, मला चेहरा शोधून द्या. सर्वाधिक लाभ कुणाला झाला?"

मास्तर म्हणजे आकडेमास्तर. चाचण्यांची आकडेमोड हेच त्यांचं काम. चेहरा त्यांनी आधीच शोधून ठेवला होता, कारण तो घरीच होता. त्यांची आई दुसऱ्या मजल्यावर खाटेला खिळून होती. खाली अंगणातल्या बाकावर तिची जाऊ रोज संध्याकाळी बसायची आणि जुनी सगळी भांडणं आपल्या बाजूने सांगायची. आईला एकदाच खाली जाऊन आपली बाजू मांडायची होती. पण बाजू मांडायला श्वास लागतो.

"मॅडम, जे फारच आजारी आहेत ना, त्यांना फायदा आहे," मास्तर म्हणाले. "थोडा, पण पक्का. खाटेपासून संडासापर्यंत न थांबता जातात."

"संडासापर्यंत?" बाईंनी चष्मा काढला. "अहो, हे जाहिरातीत कसं दाखवायचं? मी सर्वाधिक म्हणाले."

*निष्कर्ष: अंतरातली वाढ अत्यल्प असल्याने अत्यंत आजारी रुग्ण या आजारासाठी योग्य नाहीत.*

वाक्य मास्तरांनीच लिहिलं. नोकरी होती आणि वाक्य व्याकरणदृष्ट्या बरोबर होतं.

मग चाळण सुरू झाली. थोडे आजारी जास्त चालले. त्यातही तरुण आणखी जास्त. त्यातही ज्यांच्या पायात खेळाचे बूट होते, ते तर घंटा झाल्यावरही थांबेनात. चाचणीच्या समितीने बुटांची नोंद रोगलक्षण म्हणून घेतली. चाळता चाळता शेवटी चाळणीत एकच माणूस उरला. औषधाआधी हे गृहस्थ दुसऱ्या खुर्चीपर्यंतही पोचले नव्हते. औषधानंतर ते व्हरांड्यात अक्षरशः धावले होते.

त्यांना सन्मानाने बोलावण्यात आलं.

"तो मी नव्हेच," गृहस्थ म्हणाले. "म्हणजे दुसऱ्यांदा मी होतो. पहिल्यांदा सासरे. दुसऱ्या वेळी ते संडासात गेले आणि तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं. नंबर जाईल म्हणून मी उठलो."

"म्हणजे तुम्ही गोळी घेतलीच नव्हती?" मास्तरांनी विचारलं.

"मला काय धाड भरलीय गोळी घ्यायला?"

मास्तरांना वाटलं, आता तरी संडासापर्यंत पोचलेल्यांचा विचार होईल. तेवढ्यात बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "गोळी न घेता एवढा फरक. घेतली असती तर?"

टाळ्या झाल्या. सासरे कसे आहेत, हे कुणी विचारलं नाही.

*अंतिम निष्कर्ष: सर्वाधिक लाभ आजार नसलेल्या, परंतु आजारी नातेवाइकासोबत येणाऱ्या व्यक्तींना संभवतो. औषध त्यांनाच द्यावे.*

तरीही मास्तरांनी आईला रुग्णालयात नेलंच. दोन शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून तिला खाली उतरवलं. व्हरांड्यात ती पाच पावलं चालली आणि भिंतीला टेकली.

"आजी अपात्र," सिस्टर म्हणाल्या. "आजार आहे त्यांना. तुम्ही चाला बरं."

मास्तर चालले. पात्र ठरले. गोळी सिस्टरच्या समोरच गिळायची, जीभ वर करून दाखवायची, असा नियम. तोही मास्तरांनीच सुचवला होता, कारण लोक गोळ्या घरच्यांना वाटतात.

"घे रे," आई म्हणाली. "कडू आहे का?"

"नाही गं."

परतल्यावर शेजारी येईपर्यंत आईची खुर्ची अंगणात बाकाशेजारीच ठेवावी लागली. बाकावर जाऊबाई होत्या. आईने त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं साठवलेलं ओठांवर आलं. तिने तोंड उघडलं आणि नुसती हवाच आत-बाहेर झाली.

"बघा, आजही बोलायला तोंड नाही हिला," जाऊबाई आजूबाजूला बघत म्हणाल्या. मग मास्तरांकडे वळल्या. "काय म्हणाले दवाखान्यात?"

"औषध लागू पडलंय, काकू."

"हिला?"

"मला."

"अगं बाई! मग माझंही नाव सांगून ठेव की. मलासुद्धा कधी धाप लागली नाही."

*जाहीर आवाहन: वरील मजकूर न थांबता इथवर वाचू शकलेल्या सर्वांनी सोमवारी सकाळी रुग्णालयात यावे. आपण पात्र आहात. सोबत एक आजारी माणूस आणावा. त्याच्यासाठी खुर्चीची सोय आहे.*